‘भाऊबंदकी’तील कलह आणि समेट

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा वध हा त्याचा विषय होय. राघोबादादांची दुर्बल राज्यतृष्णा आणि आनंदीबाईंची कठोर महत्त्वाकांक्षा पाहता शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु कलह कसा पेटतो एवढाच या शोकांतिकेचा प्रश्न नाही. तो कशाने शमतो, हाही तिच्या गाभ्याचा प्रश्न आहे.

पेशव्यांच्या घरातील तंटा एकाएकी उद्भवलेला नव्हता. १७६२ साली आळेगावी राघोबादादांनी निजामाच्या साहाय्याने पुतण्यावर मात केली, तेव्हा राज्य दुभंगू नये म्हणून माधवराव स्वतः होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाले. या समेटाचे फळ मराठवाड्याच्या भूमीतच दिसले. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदातीरी राक्षसभुवन येथे चुलत्यापुतण्यांनी मिळून त्याच निजामाचा पराभव केला आणि पाठोपाठ औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तह झाला. तथापि अधिकार कोणाचा, हा मूळ प्रश्न अनिर्णितच राहिला. १७६८ मध्ये धोडपच्या लढाईनंतर दादा नजरकैदेत पडले. १७७२ मध्ये थेऊर येथे अंतकाळी माधवरावांनी धाकट्या भावाला त्याच चुलत्याच्या हाती सोपविले. वर्षही पुरे होण्यापूर्वी त्याचा वध झाला.

या पार्श्वभूमीवर नाटकातील रामशास्त्री प्रभुण्यांच्या भूमिकेचा अर्थ उलगडतो. वधानंतर दादांना शांतता हवी आहे. पण त्यांची शांतता म्हणजे निव्वळ मौन होय. रामशास्त्री ते मौन मोडतात आणि दादांना देहान्त प्रायश्चित्त सांगतात. वरवर पाहता हा निर्णय कलह वाढविणारा आहे; वस्तुतः समेटाची खरी वाट तीच. अपराध मान्य झाल्यावाचून दुखावलेल्यांचा क्षोभ शमत नाही आणि अपराध्याचे मनही स्वस्थ होत नाही. दादांना राज्य सोडवत नाही आणि पापही पचत नाही. त्यांची शोकांतिका नेमकी येथे आहे.

पुढील इतिहास या दृष्टीने बोलका आहे. बारभाईंनी दादांना दूर सारले. १७७५ साली दादांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि घरचा तंटा परक्यांच्या हाती गेला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने युद्ध थांबले व दादांनी अखेरचे दिवस कोपरगावी काढले. आळेगावचा समेट वडीलकीचा मान राखून झाला, सालबाईचा तह दीर्घ युद्धानंतर झाला. सत्याच्या स्वीकारातून होऊ शकणारा तिसरा समेट मात्र कधीच घडला नाही. खाडिलकरांच्या नाटकात सर्वांत कठोर वाटणारा न्यायाधीशच सर्वांत खरा शांतिदूत ठरतो, तो याच कारणाने.