दूरदर्शनचे दप्तर आणि जालन्याची थकबाकी

१९७२ सालच्या गांधीजयंतीला, म्हणजे २ ऑक्टोबर रोजी, मुंबईत दूरदर्शनचे केंद्र सुरू झाले, तेव्हा मराठवाडा गेल्या शतकातील एका अत्यंत भीषण दुष्काळाच्या तोंडाशी उभा होता. आज ज्याला आपण जालना जिल्हा म्हणतो तो मुलूख त्या वेळी औरंगाबाद आणि परभणी या दोन जिल्ह्यांत विभागलेला होता, आणि तेथील शेतकरी व मजूर दुष्काळी कामांवर खडी फोडीत, माती वाहत दिवस काढीत होते. एकाच वर्षातील या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. तथापि मराठी दूरचित्रवाणीचा पहिला कालखंड आणि कोरडवाहू मुलखातील माणूस यांच्यामध्ये किती अंतर होते, व ते पुढे कोणत्या क्रमाने कमी झाले, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या जुन्या कार्यक्रमांचा आणि ते आज पाहावयास न मिळण्याचा प्रश्न नीट मांडता येत नाही.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाल्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी मुंबईचे केंद्र आले. वरळीच्या त्या वास्तूत पहिल्या पिढीचे जे निर्माते जमले, त्यांच्यापैकी अनेकांची घडण रंगभूमीवर, आकाशवाणीत आणि साहित्याच्या सहवासात झालेली होती. त्यामुळे नवे माध्यम हाती आले तरी त्यात ओतण्याचे द्रव्य मराठी संस्कृतीच्या जुन्या कोठारातूनच येत गेले. विनायक चासकरांच्या ‘गजरा’ने छोट्या प्रहसनांची परंपरा घराघरात नेली. सुहासिनी मुळगावकरांनी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधून लेखक-कलावंतांना प्रेक्षकांसमोर बसविले. आकाशानंदांचा ‘ज्ञानदीप’ तर पडद्यापुरता उरलाच नाही. त्याच्या प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापन केली, आणि एका कार्यक्रमातून लोकशिक्षणाची चळवळ उभी राहिल्याचे विरळा उदाहरण महाराष्ट्राने पाहिले. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम, ज्याच्याशी शिवाजी फुलसुंदर यांचे नाव निगडित आहे, इतका रुजला की ज्यांच्या घरी शेती नव्हती तेही त्याचे शीर्षकगीत गुणगुणत.

या सर्वांत अधिक जिव्हाळ्याने ज्याचे नाव घेतले जाते तो ‘चिमणराव’. चिं. वि. जोशी यांच्या पुस्तकांतून मराठी वाचकांना आधीच आप्त झालेला हा मध्यमवर्गीय गृहस्थ सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात विजया धुमाळे-जोगळेकर यांनी पडद्यावर आणला. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ही जोडी इतकी अचूक ठरली की पुढे पुस्तक उघडणाऱ्याच्या मनश्चक्षूंपुढे त्यांचेच चेहरे येऊ लागले. परंतु येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे: त्या वर्षांत मुंबईची प्रक्षेपणलहर पुण्यापलीकडे फारशी जात नव्हती. मुंबई-पुण्याचे प्रेक्षक ज्याची हळहळ करतात तो चिमणराव जालना, अंबड, भोकरदन येथील बहुसंख्य घरांनी पहिल्या खेपेस पाहिलाच नाही. तो त्यांना पुस्तकातून, दिवाळी अंकांतून आणि मुंबईहून सुटीला आलेल्या नातलगांच्या वर्णनातून ठाऊक झाला. मुंबईकराच्या दृष्टीने जुना कार्यक्रम हा हरवलेला ठेवा आहे. जालनेकराच्या दृष्टीने तो अद्याप हाती न पडलेला वाटा, म्हणजे थकबाकी आहे. या लेखाचे प्रयोजन ती थकबाकी मांडणे हेच आहे.

जालना जिल्हा आणि दूरदर्शनचा विस्तार ही दोन्ही एकाच दशकाची अपत्ये. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळा निघाला व परभणीकडील परतूरचा भाग त्याला जोडला गेला. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९८२ पासून, देशात रंगीत चित्र आणि दिल्लीहून होणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आणि १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेल्यावर लहान क्षमतेच्या प्रक्षेपकांची साखळी इतक्या वेगाने विणली गेली की १९८४ मध्ये काही महिने देशात दररोज सरासरी एक प्रक्षेपक कार्यान्वित होत होता. तथापि उपग्रहावरून या लहान प्रक्षेपकांकडे प्रथम येत असे तो दिल्लीचा कार्यक्रम. मुंबईचा मराठी कार्यक्रम आडवळणाच्या तालुक्यांपर्यंत नियमाने पोचण्यास आणखी काळ जावा लागला. म्हणूनच ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली ‘हम लोग’ ही हिंदी मालिका मराठवाड्यातील अनेक घरांत मराठी मालिकांच्या आधी पोचली.

खुलताबाद तालुक्यातील म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा जो उंच मनोरा उभा राहिला, त्याच्याकडे तोंड करून ॲन्टेना बांधणे ही त्या काळी एक स्वतंत्र विद्याच होती. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा गोलावा व मधले डोंगर त्यांना अडवितात. जालना शहर तेव्हाच्या औरंगाबादपासून साठ किलोमीटर पूर्वेला आणि म्हैसमाळ औरंगाबादच्याही वायव्येला, त्यामुळे मनोऱ्याच्या प्रभावाच्या काठावर असलेल्या घरांना लोखंडी नळीची उंची वाढवावी लागे, बूस्टर लावावा लागे, आणि तरीही वाऱ्याने ॲन्टेना फिरला की पडद्यावर मुंग्या येत. त्या काळातील संच बहुधा लाकडी पेटीचे आणि सरकत्या दारांचे असत. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनचा ‘ईसी’ हा त्यांतील एक परिचित संच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत संच बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागत असे. गावात एखाद-दुसराच संच असल्यामुळे ओसरी, चावडी, ग्रामपंचायतीची खोली ही सामुदायिक प्रेक्षागृहे बनली, आणि ‘व्यत्यय’ ही पाटी पडद्यावर आली तरी जागेवरून न उठणारा एक धीराचा प्रेक्षकवर्ग तयार झाला. लाइट गेली तर मालिकेचा तो भाग गेला, तो पुन्हा दिसण्याची सोय नाही, हे प्रत्येकास ठाऊक असे; आणि कदाचित त्यामुळेच पाहिलेले प्रत्येक दृश्य मनात इतके घट्ट बसले.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा ज्या जिल्ह्यातील जांब या गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला त्या जिल्ह्याने ते कोणत्या भावनेने पाहिले असेल हे निराळे सांगावयास नको. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बी. आर. चोप्रा यांचे ‘महाभारत’ आले. पाठोपाठ श्याम बेनेगल यांनी ५३ भागांत ‘भारत एक खोज’ दाखविली. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ राजदत्त यांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आला, तोवर मराठवाड्यातील प्रेक्षक मराठी मालिकांचा पूर्ण वाटेकरी झालेला होता. पुढे करोनाच्या टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून, ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यात आले तेव्हा कोट्यवधी प्रेक्षकांनी ते पाहिले. जे जपले गेले ते परत देता येते आणि लोक ते आनंदाने घेतात, याचे यापेक्षा मोठे प्रमाण नको. परंतु परत आल्या त्या प्रामुख्याने दिल्लीच्या राष्ट्रीय प्रक्षेपणातील लोकप्रिय मालिका. मुंबई केंद्राच्या सायंकाळच्या मराठी वेळेत जे रोज घडत होते त्याची अशी सार्वत्रिक उजळणी झाली नाही.

ती का झाली नाही याची कारणे प्रथम यांत्रिक आहेत. आरंभीचे पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, म्हणजे ते घडले आणि हवेत विरून गेले. जे ध्वनिचित्रमुद्रित होत त्यांसाठी लागणारी दोन इंची चुंबकीय फीत परदेशातून मागवावी लागे, ती महाग असे, आणि परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात एकदा वापरलेली फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेणे हा काटकसरीचा मार्ग समजला जाई. पुढे पाऊण इंची यू-मॅटिक आणि त्यानंतर बीटाकॅम आल्या. या फितींच्या पॉलिएस्टर पट्टीवर चुंबकीय भुकटी चिकटविणारा जो लेप असतो तो दमट हवेत पाणी शोषतो, चिकट होतो आणि यंत्राच्या शीर्षावर उतरतो. वरळीसारख्या समुद्रालगतच्या जागी हा धोका सदैव असतो. फीत शाबूत राहिली तरी ती वाजविणारे यंत्र आता बनत नाही, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, आणि एका तासाची फीत अंकीय रूपात उतरविण्यास किमान एक तास लागतोच. त्यात घाई करता येत नाही.

दुसरी अडचण मालकीची. प्रायोजित मालिकांची पद्धत सुरू झाल्यावर अनेक मालिका खासगी निर्मात्यांनी काढल्या, त्यांचे हक्क आणि पुष्कळदा मूळ फिती त्यांच्याकडेच राहिल्या. निर्माता निवर्तला, कचेरी बंद पडली, म्हणजे फिती कोणाच्या तरी माळ्यावर गेल्या. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार प्रक्षेपणावरील हक्क २५ वर्षांचा आणि चित्रपटकृतीवरील हक्क ६० वर्षांचा असल्यामुळे एकच जुना कार्यक्रम एका अंगाने मोकळा आणि दुसऱ्या अंगाने बद्ध अशी स्थिती उद्भवते, आणि जबाबदार अधिकारी सावधपणे तो कपाटातच ठेवणे पसंत करतो.

दप्तर म्हणजे काय, हे जालना जिल्ह्याइतके अलीकडे कोणी जाणले नसेल. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या आंदोलनाच्या राजकीय बाजूंचा विचार येथे करावयाचा नाही. परंतु न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामामुळे तहसिलीतील जुनी कपाटे उघडली, निजामी अमदानीतील खासरा पत्रके बाहेर आली, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची निकड भासली, आणि शोध हैदराबादपर्यंत गेला. कोण्या काळी कोण्या कारकुनाने नेमून दिलेले काम म्हणून केलेली नोंद कित्येक पिढ्यांनंतर एका कुटुंबाच्या जीवनात निर्णायक ठरू शकते, हे गावोगावच्या माणसांनी प्रत्यक्ष अनुभवले. खासरा पत्रक लिहिणाऱ्यास आपण इतिहास लिहीत आहोत असे वाटले नसेल. ‘आमची माती आमची माणसं’साठी शेताच्या बांधावर कॅमेरा लावणाऱ्यासही तसे वाटले नसावे. दोघांनी केली ती नोंदच होय. महसुली दप्तर जमिनीची प्रत, क्षेत्र आणि कब्जेदार सांगते. दूरदर्शनचे दप्तर त्या जमिनीवर उभा असलेला माणूस कसा बोलत होता, कोणते औत हाकीत होता, पाण्याविषयी काय म्हणत होता हे सांगते.

ज्या जिल्ह्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी बियाण्यांची कंपनी काढली आणि जालना हे बियाण्यांचे मोठे केंद्र झाले, ज्या जिल्ह्यात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने विजयअण्णा बोराडे यांच्या नेतृत्वाखाली कोरडवाहू शेतीचे काम केले, आणि कडवंचीसारख्या गावाने पाणलोट विकासातून द्राक्षबागा उभ्या केल्या, त्या जिल्ह्याला कृषिविषयक जुन्या चित्रफिती केवळ करमणुकीसाठी नको आहेत. संकरित वाण येण्यापूर्वीचे पीक, नालाबांधापूर्वीचे शिवार आणि मोटेवरची विहीर पुढच्या पिढीस दाखविण्याचे ते सर्वांत विश्वसनीय साधन आहे.

याविषयी निराश होण्याचे कारण नाही. प्रसार भारतीने जुन्या फितींच्या अंकीकरणाचे काम चालविले आहे, त्यांतील काही इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हा स्वतःचा मंचही सुरू केला आहे. परदेशातील अनुभवही धीर देणारा आहे. ब्रिटनच्या बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या प्रसिद्ध मालिकेचे साठच्या दशकातील अनेक भाग स्वतःच पुसून टाकले होते. २०१३ मध्ये त्यांतील नऊ भाग नायजेरियातील एका दूरचित्रवाणी केंद्राच्या साठ्यात मिळाल्याचे जाहीर झाले. मूळ केंद्रात नष्ट झालेली वस्तू दूरच्या, दुर्लक्षित ठिकाणी टिकून राहते, हा त्यातील धडा. जालन्याच्या मोंढ्यातील एखाद्या आडत्याच्या घरी, परतूर-मंठ्याकडील एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या कपाटात, लग्नाच्या चित्रणाशेजारी दूरदर्शनवरून उतरवून घेतलेली व्हीएचएस कॅसेट पडलेली असू शकते. ती बुरशीने खाण्यापूर्वी जिल्ह्याच्या ग्रंथालयाने मागवून, तिची प्रत करून, मूळ वस्तू सन्मानाने परत करावी.

मुख्य मागणी मात्र याहून साधी आणि मूलगामी आहे. मुंबई केंद्राच्या उरलेल्या प्रत्येक फितीची मराठीतून, तारीखवार, व्यक्तिवार आणि गाववार सूची प्रसिद्ध झाली पाहिजे, आणि ज्याप्रमाणे तहसिलीत अर्ज करून उताऱ्याची नक्कल मिळते त्याप्रमाणे जिल्ह्याच्या ठिकाणी बसून ते चित्र पाहण्याची सोय नागरिकास मिळाली पाहिजे. हे कार्यक्रम सार्वजनिक द्रव्यातून झाले. त्या द्रव्यात ज्यांच्या दाराशी लहर उशिरा पोचली त्या मुलखाचाही भाग होता. फीत स्वच्छ करणारी यंत्रे आज नाही तर उद्या आणता येतील. परंतु पडद्यावरचा चेहरा पाहून हा कोण, हे शिवार कोणते, हे चित्रण कोणत्या साली झाले, हे सांगू शकणारे निर्माते, छायाचित्रकार, निवेदक आणि गावचे जाणते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्या स्मृतीची दुसरी प्रत कोठेही नाही. म्हणून अंकीकरण आपल्या गतीने चालो. नावे लिहून घेण्याचे काम याच वर्षी सुरू झाले पाहिजे.