सायको (चित्रपट)

सायको हा आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिग्दर्शित केलेला, १९६० साली प्रदर्शित झालेला कृष्णधवल अमेरिकन मानसशास्त्रीय थरारपट आहे. ४०,००० डॉलर घेऊन पळालेली मॅरियन क्रेन (जॅनेट ली) हीच नायिका, असे प्रेक्षक धरून चालतो. मात्र चित्रपट निम्मा होण्याआधीच तिचा स्नानगृहात खून होतो. कथेचा आधारच निखळल्याने प्रेक्षकाची सहानुभूती नकळत मोटेलचालक नॉर्मन बेट्सकडे (अँथनी पर्किन्स) वळते आणि शेवटचा धक्का त्यामुळेच अधिक बसतो. त्या काळी अमेरिकेत खेळ सुरू असताना चित्रपटगृहात शिरण्याची सर्रास पद्धत होती. उशिरा येणाऱ्याला मॅरियन कदाचित दिसलीही नसती. म्हणून चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा हिचकॉक यांचा आग्रह होता. बर्नार्ड हरमन यांचे पार्श्वसंगीत केवळ तंतुवाद्यांचे आहे. स्नानगृहातील प्रसंग मुळात संगीताविना ठेवण्याचे ठरले होते.