किशोरांसाठी विनोदी पुस्तक कसे निवडावे?

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी विनोदी पुस्तक शोधायला ग्रंथालयात गेले की दोन कपाटे समोर येतात. एक बालसाहित्याचे. त्यातला ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' किंवा दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' मुलांनी आधीच वाचलेला असतो आणि आठवी-नववीत तो 'लहानांचा' वाटू लागतो. दुसरे कपाट मोठ्यांचे. त्यातून एखादे गाजलेले पुस्तक मोठ्या हौसेने मुलाच्या हाती दिले जाते, चार पानांत ते मिटले जाते, आणि आजच्या मुलांना विनोदच कळत नाही असा निकाल घरात लागतो. हा निकाल अन्यायाचा आहे. या वयाला साजेसा भरपूर विनोद मराठीत आहे आणि तो बराचसा मोठ्यांच्याच कपाटात आहे. मात्र लेखकाच्या कीर्तीवर भिस्त न ठेवता निवड करताना एक प्रश्न विचारायला हवा : हा विनोद कळायला वाचकाला आधी काय ठाऊक असावे लागते?

आचार्य अत्र्यांचा 'झेंडूची फुले' हा मराठीतला अव्वल विडंबनसंग्रह. पण विडंबनाची गंमत मूळ कविता ओळखीची असेल तरच कळते, आणि त्या काळातल्या कवितांची ढब आजच्या नववीतल्या मुलाच्या कानावर पडलेली नसते. राम गणेश गडकऱ्यांच्या 'बाळकराम'मधल्या लेखांची भाषा नटवी आहे आणि त्यांतले लग्नाच्या बाजाराचे जग शंभर वर्षांपूर्वीचे आहे. तिथे मूल अडखळले तर तो त्याचा दोष नव्हे. उलट द. मा. मिरासदारांची 'व्यंकूची शिकवणी' वाचायला शिकवणारा मास्तर आणि शिकायला तयार नसलेला मुलगा ठाऊक असला की पुरे, आणि हे दोघे प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचे असतात. पु. ल. देशपांड्यांच्या 'बिगरी ते मॅट्रिक'मधली शाळा जुनी आहे, पण मास्तर, परीक्षा आणि धाक यांची ओळख करून द्यावी लागत नाही.

या वयाला मोठ्यांचा विनोद भावतो त्याला कारणही आहे. मोठी माणसे बोलतात एक आणि करतात दुसरे, हे मुलांना याच वयात स्पष्ट दिसू लागते, आणि चांगला विनोद नेमक्या त्याच विसंगतीवर उभा असतो. चिं. वि. जोशींचा चिमणराव हा संसारी, भिडस्त माणूस स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. कुटुंबप्रमुखही घाबरतो, चुकतो, हे त्यातून मुलांना समजते आणि तरीही त्या माणसाविषयी माया वाटते. 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' निश्चय आणि जीभ यांचे भांडण मांडतो. 'व्यक्ती आणि वल्ली'मधला सखाराम गटणे हा पुस्तकी भाषेत बोलणारा कोवळा मुलगा. त्याला हसता हसता किशोर वाचक स्वतःकडेही पाहू लागतो.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, भाषा जुनी झाली. ते काही अंशी खरे आहे. पण मुले अडतात ती शब्दांपेक्षा संदर्भांवर, आणि आणा, मॅट्रिक, चाळ यांचा अर्थ एका ओळीच्या टिपेत देता येतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जुन्या विनोदात बायका, व्यंग, बोली आणि जात यांची थट्टा येते. तिथे डोळेझाक करू नये. ज्या कथेत दुबळ्याला हसणे हीच सगळी गंमत आहे, ती बाजूला ठेवावी. जिथे एखादेच वाक्य खटकते, तिथे मुलांशी बोलावे. हसावे कोणाला आणि कशाला, हा विवेक अशाच बोलण्यातून घडतो. तिसरा आक्षेप, विनोद हे काही खरे वाचन नव्हे. वस्तुतः विनोद वाचताना न लिहिलेले ओळखावे लागते, सांगणाऱ्याच्या शब्दांमागचा हेतू ताडावा लागतो. वाचनाची ही अवघड शिकवण मूल इथे आपखुशीने घेते.

म्हणून पालकांनी आणि ग्रंथपालांनी जाडजूड संग्रह हाती देण्याऐवजी एकेक कथा निवडून द्यावी. आवडली की मूल पुढची स्वतः शोधते. प्रकाशकांना तर आज मोठीच सोय आहे. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, त्यामुळे त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०२४ पासून सर्वांना खुले झाले आहे. त्यातल्या निवडक कथा, थोड्या टिपा आणि नवी चित्रे घालून, खास किशोरांसाठी कोणीतरी काढाव्यात. ते काम आता कायद्यासाठी अडलेले नाही.