श्रद्धा पक्की असली की मन अस्वस्थ होत नाही?

वसईतल्या आमच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी आल्तारावर मेणबत्ती लागायची आणि सगळे गुडघे टेकायचे. ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग आजी म्हणायची, उरलेला आम्ही. तिच्या अंगठ्याखालून जपमाळेचा एकेक मणी पुढे सरकायचा. आमच्या या प्रार्थनेबद्दल आणि एकूण श्रद्धेबद्दल बरेच गैरसमज आहेत. काही बाहेरच्यांचे, काही आम्हा ख्रिस्ती लोकांचे. आणि आमचेच जास्त घातक आहेत.

गैरसमज : जपमाळ म्हणजे घोकंपट्टी.

माळेत ५९ मणी असतात, ५३ लहान आणि ६ मोठे. मोजण्याचं काम बोटांकडे जावं आणि मन मोकळं राहावं, यासाठीच ती हातात घ्यायची. शब्द तोंडपाठ असतात. मन येशूच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगावर थांबतं. सोमवारी आणि शनिवारी आनंदाचे प्रसंग, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे. गुरुवारचे प्रकाशाचे प्रसंग पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडले.

यात शरीराचाही वाटा आहे. इटलीचे डॉ. लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर केलेला अभ्यास २००१मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. लॅटिनमधून ‘आव्हे मारिया’, म्हणजे आपलं ‘नमो मारिया’, म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. ‘ॐ मणि पद्मे हूं’ म्हणतानाही तेच घडलं. अर्धी प्रार्थना एकाने, अर्धी दुसऱ्याने म्हणायची, म्हणजे समोरचा म्हणत असताना आपण आपोआप सावकाश श्वास घेतो. एवढ्यावरून जपमाळेने आजार बरे होतात, असं मात्र कुणी सांगू नये.

गैरसमज : ध्यान ख्रिस्ती परंपरेतलं नाही.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे संन्यासी एखादं छोटं वचन दिवसभर मनात घोळवत. सोळाव्या शतकात लोयोलाच्या संत इग्नेशियसने दिवसाचं आत्मपरीक्षण शिकवलं. आधी देवाचे आभार मानायचे, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून न्यायचा. कुठे आवाज चढला, कुणाला टाळलं, ते पाहायचं, क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक निश्चय करायचा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. माळ लागत नाही, त्यामुळे प्रोटेस्टंट घरांतही हे सहज करता येतं. झोप न येणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सुचवेन.

गैरसमज : विश्वास पक्का असेल तर चिंता, नैराश्य जवळ येत नाही.

हा सगळ्यांत वाईट. गेथशेमाने बागेत खुद्द येशू व्याकूळ झाला होता, लाजरच्या कबरीपाशी तो रडला होता. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं कितीतरी आहेत. म्हणजे रडणं, देवाला जाब विचारणं, ही प्रार्थनाच आहे, अविश्वास नव्हे.

तरीही आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी, प्रार्थनेला आलेल्या कुणीतरी सांगितलं म्हणून, नैराश्याच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. महिनाभरात त्या पुन्हा अंथरुणाला खिळल्या. वर ‘विश्वास कमी पडला’ हा दोष त्यांच्याच माथी आला. मला आजही त्याचा राग येतो. कॅथलिक बायबलमधल्या बेन सिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय स्वच्छ सांगतो : आजारपणात प्रार्थना करा आणि वैद्यालाही येऊ द्या, कारण त्यालाही देवानेच निर्माण केलं आहे. लूक शुभवर्तमानकार तर परंपरेनुसार स्वतःच वैद्य होता.

तेव्हा रोज माळ ओढा, रात्री दिवसाचा आढावा घ्या. पण दोन-दोन आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा, आणि चालू असलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे.