आकाशाचा हिशेब ठेवणारी सामायिक अवजारे

विश्वात सर्वत्र पसरलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे हाती येऊ लागल्याचे २९ जून २०२३ रोजी जगातील अनेक संशोधक गटांनी एकाच वेळी जाहीर केले. युरोपीय गटासोबत त्यात भारत आणि जपानमधील शास्त्रज्ञांचा ‘इंडियन पल्सार टायमिंग ॲरे’ हा गटही होता. या गटाची निरीक्षणे पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ, खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने घेतलेली होती. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण छायाचित्रांमुळे अनेकांच्या परिचयाची आहे. तिने टिपलेल्या संकेतांना निष्कर्षापर्यंत नेणारी संगणकीय अवजारे मात्र कोणत्याही छायाचित्रात दिसत नाहीत. त्यांतील बरीचशी विनामूल्य आहेत. त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता आणि सुधारता येते. ती लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना त्यासाठी वेतन मिळालेले नाही.

हे काम किती नाजूक असते, हे पल्सार ताऱ्यांच्या उदाहरणावरून कळते. काही पल्सार स्वतःभोवती सेकंदाला शेकडो वेळा फिरतात आणि त्यांचे स्पंद उत्तम घड्याळाच्या नियमिततेने पृथ्वीवर पोहोचतात. गुरुत्वीय लहरींमुळे या वेळांत पडणारा फरक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास असतो. पण पृथ्वी स्वतःच सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते आहे. ती पल्सारच्या बाजूला असते तेव्हा स्पंद लवकर येतो. सहा महिन्यांनी ती सूर्याच्या पलीकडे गेली की उशिरा येतो. हा फरक सोळा मिनिटांहून अधिक असू शकतो. इतक्या मोठ्या चढउतारातून तो सूक्ष्म अंश वेगळा काढायचा, तर पृथ्वीचे नेमके स्थान, तिच्या अक्षाचे डोलणे, गुरूसारख्या ग्रहांच्या ओढीने सूर्याचे होणारे विस्थापन आणि १९७२ पासून जागतिक घड्याळात वेळोवेळी मिळवलेले २७ लीप सेकंद, या सर्वांचा हिशेब ठेवावा लागतो. त्यातला एक सेकंद जरी सुटला, तरी पुढचे सारे गणित निरर्थक ठरते.

असा हिशेब प्रत्येकाने नव्याने लिहावा, यात शहाणपण नाही. तरीही २०११ पर्यंत बरेचसे तसेच चालले होते. ‘आयडीएल’ ही संगणक भाषा खगोलशास्त्रात रुळलेली होती, पण तिच्यासाठी परवाना विकत घ्यावा लागे आणि लहान विद्यापीठांना तो परवडतच असे असे नाही. विनामूल्य असलेल्या पायथन भाषेकडे तरुण संशोधक वळले होते. मात्र तिथे एकच काम करणाऱ्या, परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक आज्ञावल्या तयार झाल्या होत्या. त्यांतील उपयुक्त भाग एकत्र करून एक सामायिक संच उभारण्याचे त्या वर्षी काही शास्त्रज्ञांनी ठरवले. त्याचे नाव ‘ॲस्ट्रोपाय’. त्याची ओळख करून देणारा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर प्रथम लेखक म्हणून एका व्यक्तीचे नव्हे, तर समूहाचे नाव आहे.

ॲस्ट्रोपायचे काम दिखाऊ नाही. दुर्बिणींची माहिती ज्या ‘फिट्स’ स्वरूपात साठवली जाते ती वाचणे, आकाशातील स्थाने एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेणे, कालगणनेच्या वेगवेगळ्या प्रमाणांचा मेळ घालणे, अशी ही कामे आहेत. एककांची दक्षता हा त्यातील विशेष उपयोगाचा भाग. किलोमीटरमध्ये सेकंद मिळवण्याची आज्ञा दिल्यास हा संच उत्तर देण्याऐवजी चूक दाखवून थांबतो. ही खबरदारी क्षुल्लक वाटू शकेल. पण १९९९ मध्ये अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, ते एका संगणक प्रणालीने पौंडात आणि दुसरीने न्यूटनमध्ये हिशेब धरल्यामुळेच.

पल्सारच्या कामात मुक्त आज्ञावलीचा आणखी एक लाभ दिसतो. या क्षेत्रात ‘टेम्पो-२’ ही जुनी प्रणाली प्रचलित होती. तिच्या उत्तरांची पडताळणी व्हावी म्हणून ॲस्ट्रोपायच्या पायावर ‘पिंट’ नावाची दुसरी प्रणाली स्वतंत्रपणे लिहिली गेली. दोघींची उत्तरे जुळली तर विश्वास वाढतो. न जुळल्यास आज्ञावलीत शिरून कारण शोधता येते. बंदिस्त प्रणालीत ही दुसरी पायरी शक्यच नसते.

भारतीय गट या अवजारांचा केवळ वापर करणारा नाही. जीएमआरटीच्या संकेतांतून मानवनिर्मित रेडिओ गोंगाट वगळून ते पल्सारच्या आवर्तनानुसार जुळवून देणारी ‘पिंटा’ ही प्रणाली त्यानेच घडवली आणि सर्वांसाठी खुली केली. याच दुर्बिणीच्या माहितीतून आकाशाच्या रेडिओ प्रतिमा बनवणारी ‘कॅप्चर’ ही प्रणालीही खुली आहे. त्याआधी पुण्यातील आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स यांनी मिळून ‘व्हीओप्लॉट’ हे आलेख काढण्याचे साधन तयार केले होते. गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ उपक्रमातून भारतीय अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थीही ॲस्ट्रोपाय आणि सौर भौतिकीसाठीच्या ‘सनपाय’ या संचांकडे वळतात. त्यांच्यापैकी अनेकांचा खगोलशास्त्राशी तोवर काहीही संबंध आलेला नसतो.

अडचण आहे ती सांभाळण्याची. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेल्या ‘इराफ’ या प्रणालीवर खगोलशास्त्रज्ञांच्या पिढ्या घडल्या. तिला जन्म देणाऱ्या संस्थेने पुढे हात काढून घेतला आणि आज ती स्वयंसेवकांच्या आधारावर टिकून आहे. ॲस्ट्रोपायविषयी २०१६ मध्ये काही संशोधकांनी लेख लिहून उघडपणे सांगितले, की बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ वापरतात त्या या संचाला जवळपास काहीच अर्थसाह्य नाही आणि तो सांभाळणाऱ्यांच्या श्रमांची नोंदही होत नाही. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील मूर फाउंडेशनचे अनुदान मिळाले. पण अनुदानाला मुदत असते आणि दुरुस्तीला नसते. पायथनची नवी आवृत्ती आली की जुनी आज्ञावली तपासावी लागते. ग्रहांच्या स्थानांचे सुधारित तक्ते आले की ते जोडावे लागतात. अशा कामातून शोधनिबंध निघत नाही आणि विद्यापीठातील नेमणूक बहुधा शोधनिबंध मोजूनच होते. आज्ञावलीचेच परीक्षण करून तिला शोधनिबंधाचा दर्जा देणारे ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ २०१६ पासून निघत आहे, हा त्यावरचा एक मर्यादित उपाय.

हिंगोली जिल्ह्यातील लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आंतरराष्ट्रीय ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या रेडिओ दुर्बिणीतही भारत सहभागी आहे. ती पूर्ण झाल्यावर तिच्यातून दरवर्षी साठवायची माहिती सुमारे ७०० पेटाबाइट असेल, असा अंदाज आहे. ही माहिती वाचण्यासाठी लागणाऱ्या प्रणाली आजच लिहिल्या जात आहेत. त्या लिहिणाऱ्यांत नियमित वेतनावर काम करणारे किती असावेत, हे त्या त्या देशाच्या अंदाजपत्रकात ठरणार आहे.