चिप डिझाइनचे शिक्षण आणि सुरगाणा : गैरसमज व वस्तुस्थिती

गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा या आदिवासीबहुल तालुक्यात चिपचा कारखाना नाही, म्हणून तेथील विद्यार्थ्याला या क्षेत्रात वाव नाही असे मानले जाते. वस्तुतः चिपची रचना करणे आणि ती घडवणे हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. एनव्हिडिया किंवा क्वालकॉम यांच्या चिप घडतात त्या दुसऱ्यांच्या कारखान्यात, आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बंगळुरूत केंद्र उघडले ते रचनेच्या कामासाठीच.

सी किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर व्हेरिलॉग सहज येते, हा गैरसमज अधिक फसवा आहे. व्हेरिलॉग ही हार्डवेअरचे वर्णन करणारी भाषा असून तिच्यातून आज्ञांचा क्रम नव्हे, तर एकाच वेळी चालणारे सर्किट मांडले जाते. दोन चलांच्या किमतींची अदलाबदल करण्यासाठी सीमध्ये साधारणपणे तिसरे चल घ्यावे लागते. परंतु दोन रजिस्टरे, म्हणजे घड्याळाच्या ठोक्यासरशी किंमत धरून ठेवणारे घटक, एकमेकांना जोडली की एकाच ठोक्याला ही अदलाबदल होते. हे डोळ्यांपुढे येण्यासाठी बुलीय बीजगणित, फ्लिप-फ्लॉप (एक बिट साठवणारे सर्किट) आणि संकेत पोहोचण्यास लागणारा वेळ यांचा पाया पक्का हवा. तो नसल्यास संगणकावर चालणारी, पण सिलिकॉनवर न उतरणारी रचना लिहिली जाते.

अभियंत्याचे मुख्य काम सर्किट आखण्याचे, ही समजूतही अपुरी ठरते. मोठ्या प्रकल्पांत सर्वाधिक श्रम बहुधा पडताळणीवर, उद्योगाच्या बोलीत व्हेरिफिकेशनवर, खर्च होतात, कारण सॉफ्टवेअरची चूक मागाहून दुरुस्त करता येते, चिपवर कोरलेली नाही. इंटेलच्या पेन्टियम प्रोसेसरमधील भागाकाराच्या तक्त्यात काही नोंदी राहून गेल्या आणि १९९४ मध्ये तो दोष उघड झाल्यावर कंपनीला सुमारे ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. पडताळणीसाठी चाचणीचे प्रोग्रॅम लिहावे लागत असल्याने प्रोग्रॅमिंगचे खरे चीज होते ते याच कामात.

साधनांचा खर्च हा आक्षेप निम्माच खरा आहे. उद्योगातील सॉफ्टवेअर महाग असले, तरी रचना चालवून पाहण्यासाठी आयकेरस व्हेरिलॉग, संकेतांच्या लहरी पाहण्यासाठी जीटीकेवेव्ह आणि वर्णनाचे लॉजिक गेटमध्ये रूपांतर करण्यासाठी योसिस ही साधने मोफत असून साध्या लॅपटॉपवर चालतात. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाची व्याख्यानेही विनाशुल्क ऐकता येतात. आयआयटीची पदवी अनिवार्य नाही, मात्र केवळ प्रमाणपत्रावर नोकरी मिळते हा प्रचारही तितकाच भ्रामक होय. बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स किंवा निकटच्या शाखेतील अभियांत्रिकी पदवी मागितली जाते, आणि तिच्यानंतर सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेच्या सुमारे सहा महिन्यांच्या व्हीएलएसआय, म्हणजे चिप रचनेच्या, पदविकेसारखे मार्ग खुले होतात.

इंग्रजीविषयी तारतम्य हवे. तांत्रिक दस्तऐवज इंग्रजीतच असल्याने ते वाचून समजण्याइतकी भाषा लागते, पण घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला जी अस्खलित इंग्रजी संभाषणाची धास्ती वाटते, तिचा लहरींच्या आलेखातील चूक हुडकण्याशी काही संबंध नाही.