तार किती लांब? गणित करून सांगा!

पुण्यातल्या एका गच्चीवरून कोणी बोललं आणि ते थेट नागपुरात ऐकू आलं. मधे ना मोबाइलचा टॉवर, ना इंटरनेट! ही करामत हॅम रेडिओची. हौस म्हणून रेडिओवर बोलणाऱ्यांना हॅम म्हणतात. त्यांच्या यंत्राचं नाव ट्रान्सीव्हर. आवाज पाठवायचा आणि पलीकडचा ऐकायचा, दोन्ही कामं एकाच डब्यात.

चला, असा एक नवाकोरा ट्रान्सीव्हर जोडू या. मात्र लायसन्स असलेले हॅमकाका किंवा हॅममावशी सोबत हव्यातच.

आधी वीज. घरातल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला हा डबा थेट लावायचा नाही! त्याला लागते 13.8 व्होल्ट डीसी, म्हणून मधे पॉवर सप्लाय. गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरही तो चालतो, म्हणून संकटात वीज गेली तरी कामी येतो. डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामीने अंदमानला तडाखा दिला, तेव्हा तिथे गेलेल्या हॅम मंडळींनी लोकांचे निरोप बाहेर पोचवले होते.

आता खरी गंमत, अँटेना! आपल्याला बोलायचंय 7.1 मेगाहर्ट्‌झवर. म्हणजे सेकंदाला 71 लाख लाटा. रेडिओलहर सेकंदात सुमारे 30 कोटी मीटर धावते. भागाकार करा: एक लाट साधारण 42 मीटर लांब. अँटेना हवी तिच्या निम्मी, म्हणजे 21 मीटर. प्रत्यक्ष तारेत ती थोडी कमी भरते, सुमारे 20 मीटर. मधोमध तोडून दोन्हीकडे दहा-दहा मीटर, आणि मधून केबल खाली रेडिओपर्यंत. विजेच्या तारांपासून मात्र लांब हं!

पण एवढी मोजामोज कशाला? झोका आठवा. त्याच्या लयीत धक्का दिला तर तो उंच जातो, भलत्याच वेळी दिला तर अडखळतो. तारेलाही तिच्या लांबीप्रमाणे अशी लय असते. ती जुळली नाही, तर पाठवलेली शक्ती बरीचशी रेडिओकडेच परत येते. किती परत येते, ते एसडब्ल्यूआर मीटर सांगतो. काटा 1 च्या जवळ असेल तर उत्तम. जास्त असेल तर? तार लांब असल्यास थोडी थोडी छाटायची. म्हणूनच सुरुवातीला हातभर जास्त ठेवतात. छाटलेली तार परत वाढत नाही ना!

आता बोलायचं? थांबा, आधी ऐका. कोणी बोलत नसेल, तर “सीक्यू, सीक्यू” अशी हाक द्यायची आणि आपलं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, सांगायचं. भारतातली बहुतेक कॉलसाइन ‘व्हीयू’ने सुरू होतात. पलीकडून “फाइव्ह नाइन” आलं की समजा, आवाज झकास!

पण आवाज एवढ्या लांब पोचतो कसा? आपल्या डोक्यावर शेकडो किलोमीटर उंचीवर आयनांबर, म्हणजे विद्युतभारित कणांचं आवरण, आहे. ते या लाटा वळवून जमिनीकडे पाठवतं. दिवसा त्याचा खालचा थर बरीच शक्ती शोषून घेतो. रात्री तो थर विरतो आणि तीच तार, तोच डबा हजारो किलोमीटरवरच्या माणसाशी बोलतो.

दोन मीटरच्या लाटा मात्र सहसा आयनांबरातून आरपार जातात. म्हणून तर जुलै 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून हॅम रेडिओवर भारतातल्या विद्यार्थ्यांशी बोलू शकले.

बाराव्या वर्षापासून लायसन्सची परीक्षा देता येते. तोवर एक गणित: 14.2 मेगाहर्ट्‌झसाठी तार किती लांब? उत्तर 10 मीटरच्या आसपास आलं, तर पेन्सिल खाली ठेवा आणि गच्ची मोजायला घ्या!